मीठ, रूळ आणि दूधसागर

शुक्रवारी रात्री साडेनऊला रिलीज झालं एकदाचं. क्लायंटचा ‘थँक्स’चा मेल आला, मॅनेजरने त्यावर ‘ग्रेट वर्क टीम’ असं ठोकून दिलं आणि आम्ही सहाजण सॅक पाठीला लावून स्वारगेटला पळालो. टीममधला आमचा एकुलता एक गोंयकार गेले दोन महिने मागे लागला होता. "पाऊस सरला की दूधसागराला पाणीही भरपूर असतं आणि जंगलात सोडतातही. दिवाळीनंतर नुसत्या धारा बघायला लागतील, मग माझ्या नावाने बोंबलू नका." त्यामुळे ऑक्टोबरचा तिसरा आठवडा ठरला. रातराणीने फोंडा, तिथून कुळे.

खरं सांगायचं तर दूधसागर मी पहिल्यांदा बघत नव्हतो. २०१६ मध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आम्ही दहा-बारा जण कॅसल रॉकला उतरून रुळांवरून चालत गेलो होतो. साधारण चौदा किलोमीटर. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे हे तेव्हाही आम्हाला माहीत होतं, पण वय तसलं होतं. ‘चेन्नई एक्सप्रेस’ येऊन तीन वर्षं झाली होती आणि प्रत्येकाला तो पूल, तो धबधबा आणि समोर आपण असा फोटो हवा होता.

त्यातल्या एका बोगद्यात आम्ही निम्म्यात पोचलो असताना हॉर्न वाजला. पुढून की मागून, काही कळेना. बोगद्यात आवाज सगळीकडूनच येतो. भिंतीत ठरावीक अंतरावर माणूस उभा राहील एवढे कोनाडे असतात, गँगमनसाठी. त्यात आम्ही दोघं-तिघं कोंबून उभे राहिलो. खालून, कुळ्याकडून, मालगाडी चढत होती. आधी इंजिनं, मग डबे, डबे, डबे... आणि संपली संपली म्हणेपर्यंत मागून ढकलणारी बँकर इंजिनं. गाडीचा वेग आमच्या चालण्याहून थोडाच जास्त असेल. डिझेलचा धूर, गरम हवा, आणि नाकापासून हातभर अंतरावरून सरकणारं लोखंड. मी डोळे मिटून आईचा चेहरा आठवत होतो, खोटं कशाला बोलू. बाहेर आलो तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी. धूर होताच, पण डब्यांत कोळसा होता.

फोटो काढले. छान आले. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहून गेला. इतक्या अवघड जागी, धबधब्याच्या अगदी छातीवरून, रेल्वे न्यायची कोणाला आणि कशाला गरज पडली? आणि कोळसा वर का चालला होता?

या वेळी रुळांचं नावही काढायचं नाही असं ठरलं होतं. आमच्या ग्रुप-लीडरने वनखात्याची परवानगी काढली होती, कुळ्यातला एक वाटाड्या सोबत होता, आणि जाताना जंगलातून चालत, येताना जीपने असा बेत होता. वाटाडे काका साठीच्या आसपासचे. पायात साधी रबरी चप्पल. आमचे पाच-पाच हजारांचे बूट बघून ते गालात हसले, बोलले काही नाहीत.

मोले आणि कुळ्याचं हे जंगल म्हणजे भगवान महावीर अभयारण्य. १९६९ मध्ये ते अभयारण्य झालं आणि १९७८ मध्ये त्याचा गाभा राष्ट्रीय उद्यान. वाट जीपचीच, तांबड्या मातीची, पण सकाळी सातला जीप सुरू झालेल्या नसतात आणि तेव्हा जंगल आपलं असतं. दोन्हीकडे ऐन, किंदळ, बांबूची बेटं, मधेच भेरली माडाच्या झुपकेदार माळा. डोक्यावरून धनेश गेला की पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी नंतर दिसतो. नदी दोन-तीनदा आडवी येते. पहिल्यांदा बूट काढले, दुसऱ्यांदाही काढले, तिसऱ्यांदा तसेच पाण्यात घातले. काकांच्या चपलेचं महत्त्व तेव्हा कळलं :)

काका चालता चालता सांगत होते. "आमचे म्हातारे सांगायचे, गाडी कुळ्यात थांबली की पाखले ट्रंका उघडायला लावायचे." पाखले म्हणजे पोर्तुगीज. "वर कॅसल रॉकला इंग्रजांचे लोक उघडायला लावायचे, खाली हे. एकाच ट्रंकेला दोनदा कुलूप काढायचं." आमच्यातली एक ज्युनिअर, मूळची नागपूरची, तिने विचारलं, "म्हणजे ही रेल्वे पोर्तुगीजांनी बांधली?" काका म्हणाले, "पैसा साहेबाचा, कर्ज पाखल्याचं, घाम आमचा." आणि पुढे चालू लागले.

एवढ्या एका वाक्यात खरं तर सगळा इतिहास संपतो. पण मी घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा जे हाती लागलं ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. घाट ओलांडण्याचं काम रेल्वेने सुरू केलेलं नाही. गोव्याच्या कदंबांची सत्ता घाटाच्या दोन्ही अंगांना होती. खाली गोपकपट्टण आणि चांदोर, वर खानापूरजवळचं हलशी. याच अभयारण्यात तांबडी सुर्लाचं महादेवाचं मंदिर आहे, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं. आजूबाजूला सगळा तांबडा जांभा आणि मधेच हे काळंभोर देऊळ. इतक्या आत, जंगलात देऊळ का बांधलं असेल असं आपल्याला वाटतं, कारण आपण समुद्राकडून बघतो. घाटवाटेवरून बघितलं तर ते अगदी रस्त्यावर आहे.

तिनईघाट, चोर्ला, केळघाट अशा वाटांनी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून ये-जा करायचे. वरून धान्य खाली, खालून मीठ वर. मीठ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा. गोव्याच्या खाड्यांच्या काठांनी मिठागरं होती, मीठ स्वस्त होतं आणि घाटावरच्या माणसाला आणि त्याच्या गुरांना ते हवंच होतं.

आता १८७० चं दशक. घाटावर १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडलेला. धारवाड, विजापूर, बळ्ळारी हा सगळा टापू होरपळून निघाला. धान्य पोचवायला रेल्वे नव्हती, म्हणून या भागात रेल्वे हवी हे इंग्रज सरकारला पटलं. (यातूनच पुढे १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली.) शिवाय धारवाड-हुबळीचा कापूस जवळच्या बंदरात उतरवायचा तर सरळ खाली बघितलं की मुरगाव दिसतं. नैसर्गिक, खोल बंदर. अडचण एवढीच की ते दुसऱ्याचं.

आणि त्याच वेळी इंग्रजांना आणखी एक डोकेदुखी होती. मिठावरचा कर. हा कर वसूल करण्यासाठी त्यांनी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून शेकडो मैल लांब जकातीची रेषा आखली होती आणि तिच्यावर चक्क काटेरी झुडपांचं कुंपण वाढवलं होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोणीतरी फेकतंय असं वाटलं, पण ते खरं आहे. १८७९ मध्ये ती रेषा सोडून दिली. सोडता आली, कारण तोवर मीठ जिथे तयार होतं ती ठिकाणंच ताब्यात यायला लागली होती. राजपुतान्यातलं सांभर सरोवर जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून भाडेपट्ट्याने घेतलेलं होतं. कुंपण घालून चोर पकडण्यापेक्षा नळाची तोटीच आपल्या हातात ठेवायची. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक क्लायंटवर चेक लावण्यापेक्षा सर्व्हरलाच एक चेक.

या हिशेबात गोवा म्हणजे मोठं भोक होतं. खाली करमुक्त स्वस्त मीठ, वर महाग मीठ, मधे जंगल आणि शेकडो वाटा. चोरटा व्यापार होणारच.

मग २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनला करार झाला. इंग्रज आणि पोर्तुगाल यांच्यात. बारा वर्षांसाठी, अंमल जानेवारी १८८० पासून. थोडक्यात असा: गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जमिनीवरची जकात बंद. मुरगावला बंदर आणि तिथून सरहद्दीपर्यंत रेल्वे पोर्तुगालने उभी करायची, वरून इंग्रजांची रेल्वे येऊन तिला मिळणार. आणि बदल्यात गोव्याच्या मिठाचा सगळा मक्ता इंग्रज सरकारकडे. त्याची भरपाई म्हणून गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये. अबकारीतही इंग्रजांचा हात आलाच. गोव्याचा रुपयासुद्धा इंग्रजी रुपयाच्या मापाचा झाला आणि १८८१ ची नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली.

म्हणजे बघा, बंदर, रेल्वे, नाणी, मीठ, दारू, सगळं एका पॅकेजमध्ये. मुक्त व्यापाराचा करार म्हणायचं त्याला. मात्र मुक्त व्यापाराची पहिली अट होती की मिठागरवाल्याने आपलं मीठ मुक्तपणे विकायचं नाही.

मिठागरं इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आली. देखरेख ठेवायला परवडत नाहीत अशी लहान लहान आगरं बंद केली गेली. समुद्राच्या काठावर राहणाऱ्या, घरासमोर मीठ पिकताना बघणाऱ्या माणसाला करासकट मीठ विकत घ्यायची वेळ आली. चार लाख रुपये सरकारी तिजोरीत जात होते. मिठागरात राबणाऱ्याच्या घरी नाही.

(जाता जाता. मे १९३० मध्ये महाराष्ट्रातला मिठाचा मोठा सत्याग्रह झाला तो शिरोड्याला. गोव्याच्या सरहद्दीला खेटून असलेलं गाव. शाळेत आपण ते दांडीयात्रेच्या खालची एक ओळ म्हणून पाठ करतो, पण या किनाऱ्यावर मीठ आणि सरकार यांचं नातं पन्नास वर्षं आधीपासून किती खारट होतं हे कोणी सांगत नाही.)

रेल्वे बांधायला पोर्तुगालकडे पैसा नव्हता. म्हणून लंडनमध्ये सदरलंडच्या ड्यूकभोवती जमलेल्या गुंतवणूकदारांनी १८८१ मध्ये कंपनी काढली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. नावातला ‘गॅरंटीड’ महत्त्वाचा. नफा होवो न होवो, भागधारकांना ठरलेलं व्याज देण्याची हमी पोर्तुगाल सरकारची. काकांचं ‘पैसा साहेबाचा, कर्ज पाखल्याचं’ ते हेच.

मुरगावपासून सरहद्दीपर्यंत सगळी मिळून जेमतेम ८२ किलोमीटर. मीटर गेज. सपाटीचा भाग सोपा. खरी परीक्षा कुळ्यापासून कॅसल रॉकपर्यंतच्या साधारण २६ किलोमीटर घाटाची. याला ब्रगँझा घाट म्हणतात, पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावावरून. चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुण्या-मुंबईच्या लोकांनो, आपल्या बोरघाटाचाही आकडा हाच आहे. कर्जतला मागे लागणारी इंजिनं ज्यासाठी लागतात, तेच इथे. २६ किलोमीटरला ३७ ने भागलं तर सातशे मीटर येतात. प्रत्यक्षात सगळा मार्ग एकाच चढाचा नसल्यामुळे चढण त्याहून कमी, पण अंदाज येतो. लोखंडाच्या चाकाला लोखंडाच्या रुळावर पकड अशी नसतेच फारशी. त्यामुळे चढ ठरावीक मर्यादेबाहेर नेता येत नाही. मग इंजिनिअर काय करतो, अंतर वाढवतो. डोंगराच्या कडेकडेने, प्रत्येक घळीत आत शिरत, बाहेर येत, रेषा लांबवत नेतो.

आणि त्या घळींपैकी एका घळीत हा धबधबा होता.

दूधसागरची एकूण उंची सुमारे ३१० मीटर, चार टप्प्यांत. रेल्वेची चढाची रेषा डोंगराला जिथे छेदते ती उंची नेमकी धबधब्याच्या मध्यावर येते. वरून जाता येत नव्हतं, खालून जाता येत नव्हतं. म्हणून पूल तिथे आहे. कोणीही तिथे उभं राहून ‘वा, काय देखावा आहे’ असं म्हणून ती जागा निवडलेली नाही. ज्याला आपण भारतातलं सगळ्यात सुंदर रेल्वेदृश्य म्हणतो, ते ३७ ला १ या आकड्याचं उत्तर आहे. मला इंजिनिअर म्हणून हे फार आवडलं. माणूस म्हणून जरा गप्प व्हायला झालं, कारण ते उत्तर काढण्यासाठी डोंगराला लटकून सुरुंग कोणी लावले असतील ते डोळ्यांसमोर आलं. घाटाला राजघराण्याचं नाव आहे. त्यांचं कुठेच नाही.

१८८८ मध्ये घाट पुरा झाला आणि मुरगावची गाडी वर सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली. आणि मग? मग आपल्या प्रोजेक्टांचं होतं तेच. लाँच दणक्यात आणि युझर कमी. ठरवला होता तेवढा माल आलाच नाही. हमीचं व्याज मात्र दरवर्षी द्यावं लागत होतं. गाडी चालू होऊन चार वर्षं होतात न होतात तोच, जानेवारी १८९२ मध्ये, कराराची बारा वर्षं संपली आणि तो पुढे वाढवला गेला नाही. जकातीच्या चौक्या परत आल्या. ज्या मोकळ्या सरहद्दीसाठी रेल्वे बांधली ती सरहद्द पुन्हा बंद, आणि काकांच्या म्हाताऱ्यांच्या ट्रंका दोन-दोनदा उघडायला सुरुवात. १९०२ मध्ये गाड्या चालवण्याचं कामही सदर्न मराठाकडे गेलं.

तरी रेल्वे राहिली. माल कमी असला तरी माणसं भरपूर गेली. वर्षानुवर्षं गोव्याची पोरं याच घाटाने वर चढून मुंबई-पुण्याला नोकरीला गेली. आचारी, खलाशी, कारकून, बँडवाले. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही सरहद्द ओलांडून गोव्यात शिरले, पोर्तुगिजांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं मेली. भारताने नाकेबंदी केली आणि घाटातली गाडीही थांबली. मग १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त. सरहद्द गेली, ट्रंका एकदाच्या बंद झाल्या. १९९० च्या दशकात मीटर गेजचं ब्रॉड गेज झालं.

आणि कोळसा? तो हल्लीचा भाग, आणि त्यावरूनच आमचं धबधब्याखाली भांडण झालं.

साडेदहाच्या सुमारास झाडी संपली आणि मोठमोठे धोंडे लागले. शेवटचा टप्पा त्या धोंड्यांवरूनच. अंगावर तुषार येऊ लागले, बोललेलं ऐकू येईना, आणि एका वळणावर समोर तो. त्याचं वर्णन करत बसत नाही. ज्याने पाहिलाय त्याला नको, न पाहिलेल्याला उपयोग नाही. राजकन्या अंघोळ करत होती, राजपुत्र आला, आड म्हणून सख्यांनी घागरीतलं दूध ओतलं अशी कथा सांगतात. ऑक्टोबरात बघितलं की ती खोटी वाटत नाही.

आम्ही मान वर करून बघत होतो तेवढ्यात त्या पुलावर मालगाडी आली. इवलीशी दिसत होती. चढणारी. माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला. गोंयकार मित्र म्हणाला, "काढ फोटो. कोळशाचा आहे."

१८७८ च्या लोकांनी माल वरून खाली येईल असं धरलं होतं. कापूस खाली, जहाजात. नंतर बराच काळ तसं झालंही, पण कापसाऐवजी होस्पेट-बळ्ळारीचं लोहखनिज खाली यायचं. आता बाहेरच्या देशांतून आलेला कोळसा मुरगाव बंदरात उतरतो आणि वर पोलाद कारखान्यांकडे चढतो. म्हणजे गाडी भरलेली असताना चढते. घाटात सगळ्यात जास्त जोर लागतो तो याच दिशेला. हा माल वाढवायचा तर एक मार्ग पुरत नाही, म्हणून दुपदरीकरणाचा प्रकल्प आला. त्याच्या जोडीला जंगलातून वीजवाहिनी आणि चौपदरी रस्ता. २०२० मध्ये, आपण सगळे घरात अडकलेलो असताना, गोव्यात ‘मोले वाचवा’ चळवळ उभी राहिली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोरला हजारो माणसं रुळांजवळ जमली. आमचा हा मित्र तेव्हा त्या भागातल्या आपल्या घरून काम करत होता. रात्री अकराला लॅपटॉप बंद केला आणि गेला. "मेणबत्त्या, गाणी, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून. आमची आजीपण. तिला कोळसा-बिळसा काय माहीत नाही. ती म्हणत होती, घरासमोरून जाणाऱ्या गाडीत आमचं काय असतं?"

९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. पर्यावरणावरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून रेल्वेने पुन्हा अर्ज करायला मात्र हरकत नाही असंही सांगितलं. म्हणजे दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे, पण पोलाद लागतंच ना? तू ज्या फ्लॅटचा हप्ता भरतोयस त्याच्या कॉलममध्ये काय आहे? आणि रेल्वे ही रस्त्यापेक्षा बरीच की."

"मी कुठे म्हणतो रेल्वे नको?" तो म्हणाला. "माझे आजोबा याच गाडीने मुंबईला गेले. मी एवढंच म्हणतो, कधीतरी कोणीतरी आधी इथल्या माणसाला विचारा. तेव्हा मीठ घेतलं, विचारलं नाही. चार लाख दिले, ते कोणाला दिले? आता जंगल घेताना पण असाच आकडा सांगतात. अमुक इतके कोटी विकास. कोणाचा?"

मी गप्प बसलो. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि धबधब्याच्या आवाजात वाद घालायला दमही लागतो.

पण परतीच्या बसमध्ये विचार करत होतो. २०१६ मध्ये मी या मार्गाला फोटोची जागा समजलो होतो, आणि त्यासाठी बोगद्यात मरता मरता वाचलो. लंडनच्या भागधारकाला तो व्याजाचा दर होता, लिस्बनला तो बंदराचा रस्ता, कलकत्त्याला मिठाचा कर. आजच्या कारखान्याला तो महिन्याला किती टन एवढाच आहे. प्रत्येकाने दुरून बघितलं आणि आपल्या कामापुरता घाट बघितला. मीही त्यांच्यातलाच. फरक एवढाच की माझं काम शनिवार-रविवारचं होतं. आणि हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला जातं, वाटेत ओप्याला उचललं जाऊन फोंड्यापासून पणजीपर्यंतच्या नळांना येतं. ज्यांच्या नळाला ते येतं त्यांच्यासाठी हा घाट म्हणजे देखावा नाही आणि कॉरिडॉरही नाही.

दुसऱ्या दिवशी पणजीला जाताना मित्राने रायबंदरच्या लांब पुलावर गाडी हळू करायला लावली. सतराव्या शतकातला पूल तो, दलदलीतून बांधलेला. "डावी-उजवी बघा. ही आगरं." पावसाळ्यानंतर ती पाण्याखाली असतात. मीठ पिकतं ते उन्हाळ्यात. त्यामुळे दिसत काहीच नव्हतं, नुसतं पाणी, चिखलाचे बांध आणि बगळे. नागपूरवालीने विचारलं, "अजून काढतात मीठ?" तो म्हणाला, "थोडं. आमच्याकडचं आजोबांच्या वेळीच बंद झालं. वडिलांना खोऱ्याने मीठ ओढता येतं, मला येत नाही. मला जावा येतं."

सगळे हसलो. तोही हसला.

त्याच्या आईने निघताना प्रत्येकाच्या हातात एक एक पुडी दिली होती. जाडं मीठ, जरासं करडं, ओलसर. आमच्या मातोश्रींनी ते बघून आधी नाक मुरडलं, मग कैरीच्या लोणच्याला बरं पडेल म्हणून बरणीत भरून ठेवलंय. कैऱ्या येईपर्यंत.

असो. फारच लांबलं. जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, जंगलाच्या वाटेने जा, परवानगी काढून जा. बूट जुने घाला, नाहीतर सरळ चप्पल. आणि कृपा करून रुळांवरून जाऊ नका. बोगद्यातला तो कोनाडा फार अरुंद असतो हो, मी उभा राहिलोय.